ई-इन्व्हॉइस पुन्हा पुन्हा अडकतंय? बिलाला हात लावण्याआधी मास्टर उघडा

ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवून घेणं, नुकतंच लागू झालं असेल तर सुरुवातीचे काही आठवडे एररशी झटापट होणारच. पण वर्षानुवर्षं आयआरएन (त्या नोंदणीचा क्रमांक) काढणाऱ्या ऑफिसांतही तेच चार-पाच एरर दर आठवड्याला डोकं वर काढतात आणि दर वेळी ‘पोर्टल डाऊन आहे’ म्हणून खापर तिकडे फोडलं जातं. पोर्टल कधीमधी रखडतं, हे खरं. मात्र तोच एरर त्याच पार्टीला किंवा त्याच आयटमला परत येत असेल, तर पोर्टलचा काही संबंध नाही. मागच्या वेळी कुणीतरी त्या एका बिलात पिनकोड नाहीतर रक्कम हाताने बदलून वेळ मारून नेलेली असते. पार्टी मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली त्या ग्राहकाची कायमची नोंद, होता तसाच राहतो आणि पुढच्या बिलाला पुन्हा तिथेच गाडी अडते.

आधी लागू कुणाला, ते दोन ओळींत. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपासून सुरुवात झाली आणि मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. ही उलाढाल २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका आर्थिक वर्षातली, आणि एका पॅनवरच्या सगळ्या जीएसटीआयएनची (जीएसटी नोंदणी क्रमांकांची) मिळून मोजायची. २०१८-१९ मध्ये साडेपाच कोटी झाले आणि आता धंदा तीन कोटींवर आलाय, तरी सुटका नाही. पोर्टलवर ‘एनेबल’ दिसत नाही म्हणून आपल्याला लागू नाही, असं समजणारे बरेच भेटतात. ती खूण रिटर्नमधल्या आकड्यांवरून आपोआप लागते. जबाबदारी उलाढालीवर ठरते, खुणेवर नाही. लागू असून ई-इन्व्हॉइस न काढता दिलेलं बिल नियम ४८(५) प्रमाणे बिलच धरलं जात नाही. म्हणजे समोरच्याचं क्रेडिटही (भरलेल्या कराची वजावट) अडचणीत येतं, आणि पेमेंट अडवायला त्याला आयतं कारण मिळतं.

आता एकेक एरर, पोर्टल दाखवतं त्या कोडसह.

२१५०: डुप्लिकेट आयआरएन

सगळ्यांत जास्त दिसणारा आणि सगळ्यांत कमी काळजी करण्यासारखा. आयआरएन म्हणजे चार गोष्टींवरून तयार होणारा ६४ अक्षरांचा हॅश (गणिताने काढलेला ठसा): विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि त्याचा नंबर. यात रक्कम नाही, खरेदीदारही नाही. त्यामुळे रक्कम बदलून त्याच नंबरचं बिल परत पाठवलंत तरी पोर्टलला ते जुनंच बिल दिसतं.

बहुतेक वेळा घडतं ते असं. बिल पाठवलं, पोर्टलने नोंदवलं, पण उत्तर परत येताना नेट तुटलं. सॉफ्टवेअरमध्ये आयआरएनचा रकाना रिकामा दिसतो, ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो आणि २१५० येतो. त्या उत्तराच्या पोटात जुना आयआरएन, पावती क्रमांक आणि तारीख दिलेली असते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दस्तऐवज क्रमांकावरून आयआरएन परत आणण्याची सोय आहे, ती वापरा. दिवस न लावता त्याच वेळी आणून घ्या. हे न करता घाईने नवा नंबर देऊन दुसरं बिल काढलं, की एकाच मालाची दोन बिलं सरकारदरबारी नोंदली जातात. मग एक रद्द करायचं राहून जातं आणि कर दोनदा अंगावर येतो.

याचा एक जुळा भाऊ आहे, २२९५. नोंदणी करणारी सहा पोर्टलं आहेत: एनआयसीची (सरकारच्या राष्ट्रीय माहिती केंद्राची) दोन आणि चार खाजगी. एकावर बिल नोंदलं गेलं असताना सॉफ्टवेअरवाल्याने दुसऱ्यावर वळवलं, की हा एरर येतो. इथेही आयआरएन निघालेलाच असतो, तो पहिल्या पोर्टलवर शोधायचा.

नंबरबद्दल आणखी थोडं. बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत हवा, आणि त्याची सुरुवात शून्य, तिरकी रेघ किंवा डॅशने चालत नाही. एप्रिलमध्ये नवी सीरिज सुरू करताना कुणीतरी हौसेने ००१ पासून सुरुवात करतं आणि पहिल्याच दिवशी सगळं ठप्प होतं. १ जून २०२५ पासून नंबरातली छोटी इंग्रजी अक्षरं पोर्टल स्वतःच मोठी करतं. छोट्या-मोठ्या अक्षरांच्या फरकावर दोन शाखांच्या सीरिज वेगळ्या ठेवल्या असतील, तर त्या आता एकमेकींवर आदळणार. शाखेसाठी वेगळं अक्षरच घ्या.

२१७२ आणि २१७४: आयजीएसटी की सीजीएसटी-एसजीएसटी

या दोन एररांपाशी जरा थांबायला हवं, कारण इथे एरर घालवणं सोपं असतं आणि बिल बरोबर करणं वेगळंच. २१७२ म्हणतो, व्यवहार राज्यातला आहे तर आयजीएसटी का लावला? २१७४ उलटं म्हणतो: राज्याबाहेरचा आहे तर सीजीएसटी-एसजीएसटी का? पोर्टल ताडून बघतं ते विक्रेत्याचं राज्य आणि प्लेस ऑफ सप्लाय (कायद्याने पुरवठा जिथे झाला असं धरतात ते राज्य). खरेदीदाराचं राज्य आणि प्लेस ऑफ सप्लाय एकच असेल असं नाही, आणि सॉफ्टवेअर मात्र बहुधा पार्टीच्या राज्यावरून ते आपोआप भरतं.

उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या कंत्राटदाराने कर्नाटकातल्या कंपनीच्या महाराष्ट्रातल्या इमारतीचं बांधकाम केलं. पार्टीचा जीएसटीआयएन २९ ने, म्हणजे कर्नाटकच्या कोडने, सुरू होतो. पण काम स्थावर मालमत्तेशी निगडित, म्हणून प्लेस ऑफ सप्लाय महाराष्ट्र, म्हणजे २७. अकाउंटंटने प्लेस ऑफ सप्लाय नीट २७ केलं, पण लेजर (कराचं खातं) सवयीने आयजीएसटीचा निवडला. २१७२ आला. आता इथे दोन दारं आहेत. लेजर बदलणं हे बरोबर. प्लेस ऑफ सप्लाय परत २९ करणं हे चूक, पण त्यानेही एरर जातो! आयआरएन हिरव्या खुणेसह मिळतो आणि कर चुकीच्या खात्यात जमा होतो. पुढे तपासणीत निघालं, तर योग्य कर पुन्हा भरून चुकीच्या कराचा परतावा मागत बसावं लागतं.

उलटंही होतं. कर्नाटकातल्या व्यापाऱ्याने ऑर्डर दिली, आणि माल त्याच्या सांगण्यावरून महाराष्ट्रातल्याच तिसऱ्या पार्टीकडे उतरवला. माल राज्याबाहेर गेलाच नाही म्हणून डिस्पॅचवाला सीजीएसटी-एसजीएसटी लावतो. पण बिल ज्याच्या नावाने त्याचं ठिकाण धरायचं, म्हणून इथे आयजीएसटी. अशा बिलाला २१७४ आला तर पोर्टलचे आभारच माना.

सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) युनिटला माल दिला तर ते तुमच्याच राज्यात असलं तरी आयजीएसटीच लागतो. तिथे २१७२ येत असेल तर पुरवठ्याचा प्रकार साधा बीटूबी (नोंदणीकृत ग्राहकाला विक्री) राहिलाय, सेझचा निवडलेला नाही, एवढंच बघा. आणि हे बिलात नाही, पार्टी मास्टरमध्ये बदला. ते युनिट उद्या सेझमधून उठून जाणार नाही.

३०३९, २२६५, ३०२८, ३०२९: पार्टी मास्टरची घाण

३०३९ म्हणजे पिनकोड त्या राज्यातला नाही. २२६५ म्हणजे जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे आणि तुम्ही दिलेलं राज्य जुळत नाही. दोन्हींचं मूळ सहसा एकच: एका कंपनीचे चार राज्यांत चार जीएसटीआयएन आणि तुमच्याकडे लेजर एकच. बिल काढताना ऑपरेटर जीएसटीआयएन बदलतो, पत्ता मात्र मुख्य ऑफिसचा राहतो. इलाजही एकच, जीएसटीआयएनगणिक वेगळं लेजर. यादी लांबते म्हणून कुरकुर होते, होऊ द्या. निर्यातीचा मामला सोपा आहे: खरेदीदाराच्या जीएसटीआयएनच्या जागी यूआरपी (नोंदणी नसलेली व्यक्ती), राज्य ९६, पिन ९९९९९९. परदेशातला खरा पिन टाकायला गेलात तर पोर्टल घेत नाही.

३०२८ आणि ३०२९ म्हणजे जीएसटीआयएन पोर्टलला सापडत नाही किंवा चालू नाही. नव्याने नोंदणी झालेल्या किंवा रद्द होऊन पुन्हा सुरू झालेल्या पार्टीच्या बाबतीत मुख्य जीएसटी पोर्टलवर नंबर ‘ॲक्टिव्ह’ दिसतो, पण ई-इन्व्हॉइस पोर्टलकडे ती माहिती अजून पोचलेली नसते. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर जीएसटीआयएन शोधून ‘कॉमन पोर्टलवरून अपडेट करा’ असं बटण मिळतं, ते दाबलं की काम होतं. मुख्य पोर्टलवरही रद्द दिसत असेल तर मात्र आधी पार्टीला फोन करा, मग बिल. रद्द नंबरावर ‘यावेळी चालवून घ्या’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

२१८९: एकूण रक्कम जुळत नाही

पोर्टल प्रत्येक ओळीची करपात्र रक्कम, कर आणि खालची एकूण बेरीज स्वतः करून पाहतं. रुपयाभर फरक चालवून घेतं, म्हणून पैशांच्या फरकाने बिल सहसा अडत नाही. अडतं ते बिलाच्या तळाशी टाकलेल्या लेजरांमुळे.

समजा ८४,५०० रुपयांचा माल, १८ टक्के कर. खाली वाहतूक १,५०० रुपये वेगळ्या लेजरने. छापील बिलात ८६,००० वर कर १५,४८० आणि एकूण १,०१,४८० असं छान दिसतं. पण जेसन फाइलमध्ये (सॉफ्टवेअर पोर्टलला पाठवतं ती फाइल) आयटमची ओळ ८४,५०० ची आणि तिचा कर १५,२१०. वाहतूक ‘इतर आकार’ म्हणून वेगळी गेली. वाहतूक धरूनही बेरीज १,०१,२१० च होते आणि वाहतुकीवरचा २७० रुपये कर अधांतरी राहतो. माल पोचवून देण्याच्या बोलीवर विकला असेल तर वाहतूक मालाच्याच दराने करपात्र. म्हणून ती आयटमांच्या किमतीत विभागून जायला हवी, आणि तसं करायची सोय लेजरच्या सेटिंगमध्येच असते. ती एकदा चालू केली की विषय संपला. दर बिलात आकडे ठोकत बसायला नको.

राउंड ऑफचंही तसंच. त्याचं लेजर राउंड ऑफ याच प्रकारचं ठेवा. ‘किरकोळ खर्च’ या नावाने उघडलेलं लेजर सॉफ्टवेअरला राउंड ऑफ म्हणून कळत नाही. आणि डिस्काउंट बिलाच्या तळाशी देत असाल, तर कर डिस्काउंटनंतरच्या रकमेवर लागला की आधीच्या, ते जेसन उघडून बघा. जेसन उघडायला घाबरायचं कारण नाही. नोटपॅडमध्ये उघडते, आकडे वाचता येतात. छापील बिल बघून एरर शोधणं म्हणजे सावली बघून कपडे शिवणं.

एचएसएनचा (माल-सेवेच्या वर्गवारी कोडचा) २१७६ आला तर आयटम मास्टरमधला कोड बघा. ५ कोटींवरच्यांना किमान सहा आकडी लागतो. सेवेचा कोड ९९ ने सुरू होतो, आणि ‘सेवा आहे का’ या रकान्यात ‘हो’ नसेल तर तेही अडतं. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा घाईघाईत आयटम मास्टर बदलले गेले, त्यात काही मागे राहिले. दर चुकला म्हणजे पोर्टल अडवेलच, या भरवशावर राहू नका. आणि बदलाआधीच्या पुरवठ्याची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी नोंद) असेल तर ती जुन्याच दराने निघते.

सरकारी बिलं

शासकीय कार्यालयाला पुरवठा करणाऱ्यांची डोकेदुखी थोडी निराळी. पहिला वाद ठरलेला: ‘आमचा नंबर फक्त टीडीएससाठी (पेमेंटमधून कर कापण्यासाठी) आहे, आम्हाला ई-इन्व्हॉइस लागत नाही.’ लागतं. जुलै २०२३ च्या परिपत्रक १९८/१०/२०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कलम ५१ खाली केवळ टीडीएस कापण्यासाठी नोंदणी केलेलं कार्यालयही नोंदणीकृत व्यक्तीच धरलं जातं. परिपत्रकाची प्रत देयकासोबत जोडली की लेखा शाखेतला प्रश्न सहसा मिटतो. कार्यालयाकडे कुठलाच जीएसटीआयएन नसेल तर मात्र ते बीटूसी (नोंदणी नसलेल्याला विक्री), आयआरएनचा प्रश्नच नाही. सरकारी खातं स्वतः विक्रेता असेल तर त्याला सूट आहे. ही सूट खात्याला आहे, खात्याला माल देणाऱ्या तुम्हाला नाही. इथे फार गल्लत होते.

जीएसटीआयएन लिहून घेताना चौदावं अक्षर बघा. साध्या नोंदणीत तिथे इंग्रजी झेड असतो, टीडीएसच्या नोंदणीत डी. एकाच कार्यालयाचे दोन्ही नंबर असू शकतात, आणि टीडीएसचा नंबर पॅनऐवजी टॅनवर (कर कापणाऱ्याचा आयकर क्रमांक) काढलेला असला तर मधली अक्षरंही वेगळी दिसतात. म्हणून ‘नंबर चुकलाय’ असं समजून ऑपरेटर मनानेच डीचा झेड करतो आणि मग ३०२८. तुम्हाला कुठल्या नंबरावर बिल हवंय, हे कार्यारंभ आदेश घेतानाच लेखी विचारून मास्टरमध्ये टाका.

दुसरं दुखणं, कपातीचं. अडीच लाखांवरच्या कंत्राटात जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापला जातो, शिवाय आयकराचा, शिवाय सुरक्षा ठेव. काहीजण या कपाती बिलातच वजा दाखवून ‘निव्वळ देय’ हा आकडा एकूण म्हणून पाठवतात. मग २१८९ येणारच. कपाती हा पेमेंटचा भाग. ई-इन्व्हॉइसमध्ये पूर्ण रक्कम जाते, कपातीचा तक्ता देयकासोबत वेगळ्या कागदावर.

तिसरं सगळ्यांत खर्चिक. ठेकेदार काम झाल्यावर चालू देयक म्हणून थेट टॅक्स इन्व्हॉइस काढतो, आयआरएनसह. अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद घेताना काही बाबी कमी करतो. २० लाखांचं बिल १८ लाख ४० हजारांवर येतं. तोवर २४ तास उलटून गेलेले असतात, रद्द करता येत नाही, क्रेडिट नोट काढावी लागते, आणि कार्यालय म्हणतं ‘आम्हाला एकच नवं बिल द्या’. हे दर महिन्याला होत असेल तर क्रम बदला. मोजणीसाठी साधं मागणीपत्रक किंवा प्रोफॉर्मा द्या, मोजमाप नोंद होऊन रक्कम ठरली की टॅक्स इन्व्हॉइस. फक्त एक सावधगिरी: सलग चालणाऱ्या कामात बिलाची तारीख कंत्राटावरून ठरते. पेमेंटची तारीख कंत्राटात लिहिली असेल तर तोवर, एखादा टप्पा पूर्ण होण्यावर पेमेंट असेल तर तो टप्पा पूर्ण होईतो, आणि काहीच ठरलेलं नसेल तर पैसे हातात पडेतो बिल निघायला हवं. त्यामुळे ‘मोजणी होईना म्हणून चार महिने बिलच नाही’ हे प्रत्येक कंत्राटात चालणार नाही. कंत्राटातलं पेमेंटचं कलम तुमच्या कर सल्लागाराला एकदा दाखवाच.

रद्द करणं, २४ तास आणि ३० दिवस

आयआरएन निघालेल्या बिलात दुरुस्ती अशी काही नसते. २४ तासांत पूर्ण रद्द, नाहीतर क्रेडिट नोट किंवा डेबिट नोट. त्यावर चालू ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) असेल तर आधी ते रद्द करा. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही, त्यासाठी नवा नंबरच घ्यावा लागतो. सॉफ्टवेअरमधली एन्ट्री डिलीट केली म्हणजे पोर्टलवरचं बिल रद्द झालं, हा समज अजून अनेक ऑफिसांत टिकून आहे.

याहून वाईट म्हणजे आयआरएन आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये जाऊन रक्कम बदलणं. सॉफ्टवेअर बदलू देतं, आयआरएन जुनाच राहतो, छापील बिलावर क्यूआर कोडही दिसतो. पण कोड स्कॅन केला की त्यात जुनी रक्कम. जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) पोर्टलवरून जुना आकडा उतरतो, पार्टीच्या २बी मध्येही (क्रेडिटच्या तक्त्यात) तोच, आणि महिनाअखेरीला हिशेब जुळेना म्हणून रात्र जागवावी लागते. आयआरएन आलेल्या व्हाउचरचं बदल करायचं कुलूप ऑपरेटरच्या लॉगिनला लावून टाका.

तीस दिवसांचा नियम: वार्षिक उलाढाल १०० कोटी आणि वर असेल त्यांना १ नोव्हेंबर २०२३ पासून, आणि १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि वर असलेल्यांनाही, बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. नंतर पोर्टल ते घेतच नाही. क्रेडिट आणि डेबिट नोटांनाही हेच, पण त्यांच्या स्वतःच्या तारखेपासून. मागची तारीख टाकून बिल काढायची सवय असलेल्यांचं इथे अडतं. १० कोटींच्या खाली ही मुदत नाही, तरी रोजची बिलं रोज नोंदवलेली बरी.

लॉगिनचा ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो आणि मालक मीटिंगमध्ये, हीसुद्धा रोजची रड. १ एप्रिल २०२५ पासून दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं आहे. प्रत्येक ऑपरेटरसाठी त्याच्या स्वतःच्या मोबाइलसह सब-युजर तयार करा. पाच मिनिटांचं काम आहे.

इतकं सगळं ताडूनही बिल अडत असेल तर तक्रार करण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा: पाठवलेली जेसन फाइल, पोर्टलचं जसंच्या तसं उत्तर आणि वेळ. नुसता स्क्रीनशॉट पाठवला की सॉफ्टवेअरवाला पोर्टलकडे बोट दाखवतो आणि हेल्पडेस्क सॉफ्टवेअरकडे. तीच जेसन एनआयसीच्या पोर्टलवर थेट अपलोड करून बघा. तिथे गेली तर दोष सॉफ्टवेअरच्या जोडणीत. तिथेही तोच एरर आला तर दोष फाइलमध्ये, आणि तो कुठल्या मास्टरमधून आला ते शोधा. ही चाचणी खऱ्या पोर्टलवर करताना एक ध्यानात असू द्या, फाइल स्वीकारली गेली तर तो खराच आयआरएन आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये आणून ठेवल्याशिवाय बटण परत दाबू नका.